कमलबाई ताटासमोर बसली

आमच्या कुरुंद्याची कमलबाई माझ्या आईची मैत्रीण. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, लेक पुण्याला कामाला. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून ती शेळीशी बोलायची. हळदीच्या कामावरून आली की अंगणात पाय पसरून बसायची आणि दिवसभराचं सगळं तिला सांगायची. मधेच गेलेल्या नवऱ्यालाही दोन शिव्या घालायची, लाडानं.

शेजारी मार्तंडराव, निवृत्त कारकून. माणूस भला. कमलबाईला ताप आला तेव्हा दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. गल्लीतल्या दोन मोटारसायकली चोरीला गेल्यावर त्यांनी घराला कॅमेरे बसवले. एक ओट्यावर, एक भिंतीवर. भिंतीवरच्यात कमलबाईचं अख्खं अंगण दिसायचं.

बाजारात एकदा भाजीवालीनं तिला विचारलं, "मावशी, शेळी काय म्हनली मग?" आजूबाजूच्या बाया हसल्या. मार्तंडरावांनी कौतुकानं कॅमेऱ्यातला तिचा व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथून तो गावभर फिरला होता. मीही पाहिला होता. हसलेही होते.

कमलबाईही तेव्हा हसली. पण घरी आल्यावर तिला अंगणात बसवेना. चार दिवस ती दार लावून आत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी मार्तंडरावांकडं गेली. ते नुकतेच जेवायला बसले होते.

"साहेब, त्यो कॅमेरा तेवढा दुसरीकडं फिरवा."

"अहो, तुमच्याच राखणीला आहे तो. आणि तुमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

"काईच न्हाई. जेवा तुमी." ती समोर मांडी घालून बसली आणि त्यांच्या ताटाकडं बघू लागली.

त्यांनी भात कालवला. ती बघतेय. घास उचलला, तिची नजर घासाबरोबर तोंडापर्यंत आली. तिसऱ्या घासाला वरण मनगटावर ओघळलं.

"असं काय बघताय, कमलबाई?"

"काहून? वरणभातच हाय की. त्यात काय लपवायचं?"

तेवढ्यात मार्तंडरावांच्या पत्नी गंगूताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ओट्यावरचाही काढा. तीन महिने झाले, मी उन्हात केस वाळवायला बसले नाही."

मार्तंडरावांच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

ओट्यावरचा कॅमेरा त्याच दिवशी निघाला, भिंतीवरचा फाटकाकडं वळला. व्हिडिओ पुसून टाका, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. काहींनी पुसला. बाकीच्यांच्या फोनमधून तो काही परत आला नाही.

पुढं बरेच दिवस कमलबाई आधी भिंतीकडं बघून मगच अंगणात बसायची, तीही गप्प. मग एका संध्याकाळी मी तिची चाळणी परत द्यायला गेले, तर अंगणाच्या कुडाआतून तिचा आवाज आला. भरभरून बोलून राहिली होती. मी चाळणी बाहेरच टेकवली आणि मागं फिरले.