चाळीस पावलं

कचेरीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. अंगकाठीही तशीच आणि वागणंही तसंच, सरळसोट. बत्तीस वर्षं त्याने जमिनीचे नकाशे काढले. घरं कुठे, कारखाने कुठे, मोकळी जागा कुठे. त्याचा नकाशा भरतीच्या रेघेला संपायचा. पलीकडचा समुद्र समोरच्या खोलीचा. मध्ये चार पावलांचा व्हरांडा, पण दोन्ही खोल्यांनी एकमेकींचं तोंड न पाहण्याचा जणू पणच केला होता. शिपाई तेवढा कागद इकडून तिकडे न्यायचा.

अशा माणसाने जन्मात एकदाच लबाडी केली, तीही थोरल्या बहिणीपायी. नवा नियम आला की भरतीच्या रेघेपासून शंभर पावलांच्या आतली घरं पाडायची. ताईचं घर सत्तरावर. एकटी बाई, जाणार कुठे? फूटपट्टीने रेघ हळूच चाळीस पावलं समुद्रात सरकवली. घर वाचलं, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

सहा वर्षांनी साहेबांनी दोन्ही नकाशे एकत्र मागितले. खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर त्याने आपला कागद अंथरला, वर समुद्राचा ठेवला. ताईच्या घरासमोरच लाल चौकोन उमटला: वाळू उपशाची जागा. तो पहिल्यांदा व्हरांडा ओलांडून गेला आणि तिथल्या बाईंना विचारलं, नेमकी हीच जागा का? बाई म्हणाल्या, तुमच्याच नकाशात तिथे किनारा मोकळा आहे, शंभर पावलांत एकही घर नाही. म्हणून तर परवानगी दिली, चार वर्षं झाली.

त्याच दुपारी तो ताईकडे गेला. किनारा ओळखू येईना. अंगणापासून अकरा पावलांवर पाणी, आणि त्याला लाट नाही की आवाज नाही. तेल ओतल्यासारखं नुसतं पडलेलं. आत ताईने गंमत दाखवली. फरशीवर कांदा ठेवला की आपोआप समुद्राकडच्या भिंतीला जाऊन टेकायचा. फरशीखालून बारीक सरसर ऐकू येत होती. ताई म्हणाली, वाळू चालते रे खाली, तेवढीच मला सोबत. त्याने माझ्याकडे राहायला चल म्हटलं, तर ती हसली. घर पक्क्या जमिनीवर आहे असं तूच शिक्का मारून दिलंस ना, म्हणाली. मान खाली घालून तो परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरी रेघ ओढायला बसला. ती ओढली की ताईचं घर जाणार, हे त्याला ठाऊक होतं. पेन टेकवलं, तोच फोन वाजला. ताई होती. आवाजात समाधान होतं.

"खालची सरसर थांबली बघ. किती दिवसांनी घर असं शांत आहे."

फरशीखाली आता घसरायला वाळूच उरली नव्हती. पेन टाकून तो उभा राहिला.

"ताई, मागच्या दाराने बाहेर पड. आत्ताच्या आत्ता."

"अरे, पण तुझ्या नकाशात..."

"नकाशा खोटा आहे. मी खोटा काढला, तुझ्यासाठी."

ताईने अगदी हळू विचारलं, "मग मी इतकी वर्षं कुठे राहत होते रे?"

तेवढ्यात फोनमधून फरशीवर कांदा घरंगळल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग टोपलीभर.