टॉवेल गेला, बाई वाचली

फोन नांदेडहून आला, सुजाताचा. "मिस्त्रीकाका, पप्पा गेले... दुपारी जेवून पडले ते उठलेच न्हाईत," एवढंच ती बोलली. मी उदगीरला माझ्या वर्कशॉपात होतो, लेथ चालू होती. ती आधी बंद केली आणि मग खाली बसलो. त्याला आता महिना होत आला. सुदाम गायकवाड, निवृत्त फॅक्टरी इन्स्पेक्टर. वय झालं होतं, हाल न होता गेले, लेकीबाळींत गेले. रडावं असं त्यात थोडंच आहे. पण चार माणसांना त्यांच्याविषयी सांगावं, असं मात्र रोज वाटतं.

आमची ओळख लातूरची. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. एकेक नवी कचेरी उघडायची, पाटी आधी लागायची आणि खुर्च्या मागून यायच्या. त्यातच पावसानं पाठ फिरवली. शेतात काम नाही म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या बाया चालत डाळमिलमध्ये यायच्या. मी तिथं फिटर होतो. तूर निवडायची, टोपल्यात भरून यंत्राच्या तोंडाशी ओतायची, हे सगळं बायांचं काम. त्यांच्या पाठीमागं हातभर अंतरावर मोटारीचा रुंद पट्टा उघडाच फिरायचा. वर्षानुवर्षं फिरत होता, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. एक दिवस केवळाबाईचा पदर त्यात गेला. मी धावत जाऊन खटका पाडला. तोवर तिचं लुगडं टरकन फाटलं होतं, दंड सोलवटला होता... पण बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून एक उंच, सावळा माणूस आला, खांद्यावर टॉवेल. तेच गायकवाड साहेब. शेटजी उत्तर तयार ठेवूनच बसले होते.

"साहेब, कायदा मलाबी ठावं हाय. मशीनजवळ सैल कपडा चालत न्हाई. म्हणून उद्यापासून बायाच बंद. गडी लावतो."

फाटकाशी बसलेल्या बायांनी ते ऐकलं. त्या दुष्काळात मिलचं काम गेलं तर दुसरं काम कुठलं? दंडाला पट्टी बांधलेली केवळाबाई उठून पुढं आली. "साहेब, पट्टा उघडा, अन् काम माझं जाणार? घरी काय सांगू, लुगड्यापायी काम गेलं म्हणून?"

साहेबांनी एकदा पट्ट्याकडं बघितलं. मग त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, तुमचं काम काय?"

"तूर निवडायची अन् वतायची."

"पट्ट्याला हात लावायचं काम पडतं का?"

"त्याला कशापायी हात लावू?"

साहेब शेटजींकडं वळले. "घट्ट कपड्याचा नियम हाय, बरोबर हाय. पण तो कुणाला? चालत्या यंत्राला तेल देणाऱ्या, पट्टा चढवणाऱ्या, शिकवून तयार केलेल्या गड्याला. ह्या बायांचं ते काम न्हाई. ह्यांच्यासाठी नियम दुसरा हाय, अन् तो तुमच्यावर हाय. फिरतं यंत्र झाकायचं. ते झाकलं की लुगडं कुठं आडवं येतं?" मग त्यांनी मागं बघून विचारलं, "पट्टा कोण चढवतं?"

मी पुढं झालो. गळ्यात लाल रुमाल, शर्टाच्या बाह्या लोंबत्या.

"मिस्त्री, तो रुमाल आधी काढा. घट्ट कपडे लागतात ते तुम्हाला. अन् ते शेटजींनी द्यायचे."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं. पट्ट्याला जाळी बसेपर्यंत मिल बंद, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा मात्र बायांचे चेहरे पुन्हा उतरले. साहेबांच्या ते लक्षात आलं. "शेटजी, गोदामात निवडायचा माल पडलाय ना? तिथं ना मशीन, ना पट्टा. बसवा ह्यांना तिथं." शेटजी कुरकुरले, पण माणूस वाईट नव्हता. हो म्हणाले.

जाळी मी केली, आणि मला वाटलं होतं की झकास केली. साहेब बघायला आले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी काठीला बांधला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मिल चालू करायला लावली. मग तो टॉवेल जाळीला वरून लावला, दोन्ही बाजूंनी लावला... काही नाही. शेवटी खाली वाकून जमिनीलगत लावला, आणि फर्रकन टॉवेल आत! साहेबांनी काठी सोडून दिली. आत चिंध्या उडाल्या. मला तर मान वर करवेना. तेवढ्यात मागून केवळाबाईचा आवाज आला, "साहेब, टॉवेल गेला, बाई वाचली!"

सगळ्यांत मोठ्यानं साहेबच हसले. मग म्हणाले, "मिस्त्री, बाया खाली बसून निवडतात. फट खालीच नको." मी जाळी जमिनीपर्यंत नेली. पुढच्या खेपेला केवळाबाईनं आपल्या फाटक्या लुगड्याचाच तुकडा आणला होता. "आता हे लावून बघा." साहेबांनी सगळीकडून लावून बघितला. तुकडा जसाच्या तसा परत आला. तिनं तो घडी करून कमरेला खोचला आणि टोपलं उचललं.

त्या दिवशी चहा पिताना साहेब जळकोटकडच्या आपल्या गावाविषयी बोलले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची. कपची उडून तिचा एक डोळा अधू झाला. "काम तर पाहिजेच होतं, मिस्त्री. पण काम अन् डोळा, दोन्ही ऱ्हायला काय हरकत होती?" एवढंच म्हणाले आणि बशी संपवली.

पुढं त्यांची बदली नांदेडला झाली, मी उदगीरला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. येणं-जाणं सुटलं नाही. लग्नं, बारशी, आजारपणं, सगळ्याला एकमेकांकडं गेलो. केवळाबाई केस पांढरे होईस्तोवर त्याच मिलमध्ये होती.

गेल्या आठवड्यात नांदेडला साहेबांच्या घरी, त्यांच्या पत्नीला, वहिनींना भेटायला गेलो होतो. संध्याकाळी साहेबांच्या खोलीतला दिवा गेला. जावई स्टूल घेऊन आले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सुजातानं जाऊन मेन स्विच बंद केला, नातीनं बॅटरी धरली, वहिनींनी स्टूल एका बाजूनं घट्ट धरलं आणि मी दुसऱ्या. त्या घरात इतकी वर्षं दिवा असाच बदलत आले आहेत. जावयांना हसू आलं. "अहो, एका दिव्याला एवढी माणसं? लावलासुद्धा मी. सोडा आता."

वहिनींनी डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. म्हणाल्या, "तुम्ही खाली उतरेस्तोवर कुणी हात सोडायचा न्हाई."