राक्षसाच्या दारातली राखण

राक्षसाच्या घरी जायचे झाले तरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असे मनापासून मानणारी साऱ्या त्रिभुवनात एकच बाई असेल, आणि ती माझी थोरली नणंद आहे. वन्सं हेदवीला राहतात. त्यांच्या आगरात माड आहेत, पोफळी आहेत, गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि त्या विहिरीच्या काठावर, जिथे मोबाईलला रेंज मिळते तिथे, एक पाट कायमचा मांडलेला आहे. दुपारची भांडी आवरली की वन्सं त्या पाटावर बसतात, कानात इअरफोन घालतात आणि पदराने मोबाईलची काच पुसून भुयारात उतरतात. इकडे रत्नागिरीत, फणसाच्या सावलीतल्या गॅलरीत, कवितेचे तास संपवून आलेली मी त्यांच्या मागोमाग उतरते.

हे भुयार आम्हाला दिले माझ्या भाच्याने, वन्संच्या एकुलत्या मुलाने. तो बोटीवर असतो. मागच्या सुट्टीत त्याने हा एक अगदी स्वस्तातला खेळ आमच्या दोघींच्या मोबाईलवर घालून दिला. स्वस्त असल्याने त्यातल्या मशाली एकाच लयीत फडफडतात आणि सगळ्या सांगाड्यांचे चेहरे सारखे आहेत. तिघांनी मिळून, इअरफोनवर एकमेकांशी बोलत, मजल्यामागून मजला खाली उतरायचे, वाटेत भुतेखेते मारायची आणि तळाच्या मजल्यावरच्या महाराक्षसाला हरवायचे. सुट्टी संपली तेव्हा आम्ही त्या तळापासून काही मजलेच वर पोहोचलो होतो. निघताना भाचा म्हणाला की शेवटचा मजला तिघांनी मिळूनच उतरायचा, मी येईपर्यंत भुयार सांभाळा. सांभाळायचे एवढ्याचसाठी, की खेळणारे सगळेच एका वेळी मेले तर साऱ्यांचाच प्रवास पुसला जातो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात होते. त्याचा ढालवाला शिपाई त्याने एका शेकोटीजवळ बसवून ठेवला आणि तो समुद्रावर गेला. तेव्हापासून वन्संचा दिवस त्या शेकोटीपाशी सुरू होतो. त्या आधी त्या शिपायाजवळ जातात, त्याला जेवलास का म्हणून विचारतात, आणि मग कामाला लागतात.

वन्संची कामाची रीत निराळी आहे. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. आगराला, पाणवठ्याला, वाटेला. आणि त्याला नारळ-भाताची राखण देऊन, गाऱ्हाणे घालूनच त्याच्या हद्दीत नवे काम काढायचे असते. तोच कायदा वन्संनी भुयारालाही लावला. दर नव्या मजल्याच्या तोंडाशी त्या थांबत, आमच्या सामाईक पिशवीतला पाव उंबऱ्यावर ठेवत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "बा जागेवाल्या म्हाराजा, आम्ही दोघी बायका तुझ्या हद्दीत शिरतोय, काय चुकलंमाकलं तर सांभाळून घे म्हाराजा." यावर मी "व्हय म्हाराजा" म्हणायचे, आणि तेही तोंडातल्या तोंडात नाही. एकदा महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, विद्यार्थ्यांचे निबंध मांडीवर घेऊन, मी असे म्हटले. तेव्हापासून तिथले सहकारी माझ्याशी जरा जपून बोलतात. आश्चर्य असे, की ही राखण चाले. खेळ बनवणाऱ्यांनी भुतांना भूक दिली होती आणि अक्कल द्यायची राहिली होती. पाव दिसला की ती त्याच्याभोवती बसत, आणि आम्ही दोघी भिंतीच्या कडेकडेने निघून जात असू.

या दयेला अपवाद एकच होता. मधल्या एका मजल्यावर शेपटीचे, किरकिरणारे काही छोटे राक्षस आहेत. ते वन्संना माकडांसारखे दिसतात, आणि माकडांनी त्यांच्या आगरातले नारळ कोवळेपणीच खाली पाडलेले आहेत. तिथे गाऱ्हाणे नाही, पाव नाही. एरवी सांगाड्याचीही चौकशी करणारी ही बाई तिथे दात आवळून बाणामागून बाण सोडते आणि शेवटचा पडला की म्हणते, "ह्यांना ज्याने दया दाखवलीन् त्याचा बागायतीशी संबंध नसणार."

माझ्या पराक्रमाविषयी मात्र बोलण्यासारखे फार थोडे आहे. पात्र निवडताना मी झग्याचा पिकल्या जांभळाचा रंग पाहून एक गायिका निवडली. तिला दोन गाणी येतात. एकाने आपल्या माणसांच्या जखमा भरतात आणि दुसऱ्याने जो ऐकेल त्याचे पाय वेगाने चालू लागतात. कोणते गाणे कोणत्या बटणावर आहे हे माझ्या कधीच ध्यानात राहिले नाही. शिवाय मला थांबायची खोड. ओल्या दगडावरचे शेवाळ, दूर कुठेतरी ठिबकणारे पाणी, मशालीच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्याला आलेली तांबूस झाक, असे काही दिसले की माझी गायिका उभी राहते. अशा वेळी पाठीमागून कुणीतरी तिच्यावर गदा घालते आणि वन्सं शांतपणे विचारतात, "वहिनी, झालं का गो बघून?"

शेवटच्या जिन्याचा मोह आधी मला झाला. त्याच्या तोंडाशी निळा उजेड असतो असे भाचा म्हणाला होता, आणि तो निळा कोणता, हेदवीच्या संध्याकाळच्या खाडीचा की गोकर्णीच्या फुलाचा, हे पाहिल्यावाचून मला चैन पडेना. मी म्हटले, उतरायचे नाही, नुसते डोकावून येऊ. वन्सं सहसा असल्या हट्टाला बधत नाहीत. त्या दिवशी बधल्या, कारण त्यांच्या मनात वेगळेच होते. "त्या मोठ्याला आताच राखण देऊन ठेवते," त्या म्हणाल्या. "पोरगा येईल तेव्हा ह्या मोठ्याने त्याला काय करता नये."

आम्ही गेलो. निळा गोकर्णीचाच होता. जिन्याच्या पायथ्याशी महाराक्षस गाढ झोपला होता आणि त्याच्या श्वासाबरोबर साऱ्या भुयाराच्या भिंती हलत होत्या. वन्संनी गाऱ्हाणे घातले, मी "व्हय म्हाराजा" म्हटले, आणि त्या पाव काढायला गेल्या तर पाव नव्हता. तो वाटेतच माझ्या गायिकेने, म्हणजे माझ्या चुकलेल्या अंगठ्याने, खाऊन टाकला होता. मी म्हटले, परत फिरू. पण गाऱ्हाणे घालून झाल्यावर रिकाम्या हाताने फिरणे वन्संच्या रक्तात नाही. त्यांनी पिशवीत उरलेली औषधाची एकुलती बाटली काढली, जिच्यावर आमचा जीव टिकून होता, आणि ती भक्तिभावाने राक्षसापुढे ठेवली. या खेळात बाटली ठेवता येत नाही, नुसती टाकता येते. ती फुटली. राक्षस जागा झाला. मी घाईने जखमा भरण्याचे गाणे म्हणायला घेतले, आणि राक्षसाचे पाय वेगाने चालू लागले.

काच काळी झाली. मग तिच्यावर पहिल्या मजल्याचे दार उगवले, आणि दाराशी आम्ही दोघी, फाटक्या कपड्यांत, रिकाम्या पिशवीनिशी. शेकोटी नव्हती. ढालवाला नव्हता.

वन्संकडून माडाच्या झावळ्यांचे खसखसणे ऐकू आले, आणि विहिरीत काहीतरी पडल्याचा बुडकन आवाज. मी माफी मागायला तोंड उघडले. पण आधी त्याच बोलल्या.

"जाऊ दे गो. एक मजला उरला होता. तो आला असता, एका दुपारीत उरकलं असतं. मग कसला बसतोय तो माझ्याशेजारी. आता सगळं वरपासून आहे."

भाच्याची बोट अजून लांब आहे. आम्ही दुपारी भुयारात जातो, पण वन्सं मला पहिल्या जिन्याकडेही फिरकू देत नाहीत. तिथल्या तिथेच थोडे सरपण गोळा करतो, शेकोटी पेटवतो, बोलतो: सुपारी वाळली का, आंब्याला मोहोर कितपत आहे. मशाली एका लयीत फडफडत राहतात. माझी गायिका सवयीने भिंतीवरचे शेवाळ पाहत उभी असते. वन्संची तिरंदाज मात्र भुयाराकडे पाठ करून बसते, बाहेरच्या दाराकडे तोंड करून.