साडभाऊंचा निळा थर

उजेडाची उलटतपासणी घेणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ काचेच्या तुकड्यांवर अर्धवाहकाचे थर चढवायचे. थर किती जाड? तर डोक्याच्या केसाच्या उभ्या हजार चिरा करा, त्यातली एक चीर. एवढ्याशा थरावर पडलेला उजेड किती आत जातो, किती परत फिरतो, परत फिरताना कोणता रंग घेऊन येतो, हे बघण्यात या माणसाची तीस वर्षं गेली. माझीही तीस वर्षं काचेतच गेली, पण विकण्यात. सायकलच्या कॅरिअरला काचा बांधून गल्लोगल्ली फिरलो, आज दुकान आहे, गोदाम आहे आणि तोंडही आहे. लोकांना वाटतं, दोघांचा जीव काचेत, तेव्हा दोघांचं जमत असेल. लोकांना काय जातं वाटायला!

पहिली गोष्ट, हा माणूस घासाघीस करत नाही. दुकानात येऊन तास-दीड तास बसणार, घेणार काय तर बोटभर लांबीचे बारा तुकडे. ते मी स्वतः हिऱ्याने कापून द्यायचे, कारण दुकानातल्या कुणाच्याही हातचं त्यांना चालत नाही. मग मी भाव सांगितला की मुकाट्याने देणार. ज्याने भांडून भांडून घर उभं केलं त्याच्यासमोर असं वागणं म्हणजे पैलवानासमोर आपणहून आडवं पडणं. मी मुद्दाम दुप्पट भाव सांगून पाहिला. तोही दिला. शेवटी लाज मलाच वाटली आणि फुकट तुकडे देऊ लागलो, तर त्याचंही त्यांना काही नाही. वाद घालणार तो भलत्याच गोष्टीवर. "यातली कथलाची बाजू कोणती गा?" कारखान्यात काच वितळलेल्या कथलावर पसरवतात, म्हणून एका बाजूला कथलाचा अंश राहतो म्हणे. तीस वर्षं काच विकून मला हे माहीत नव्हतं. माहीत नसल्याने माझं एका पैशाचं नुकसान झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून कोणतीही काच उचलली की आधी मनात येतं, कथलाची बाजू कोणती. याला काय म्हणावं?

त्यांच्या घरी मे महिन्यात जाऊ नये, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ झालं आहे. मागच्या खोलीत त्यांनी जुन्या घड्याळाच्या मोटरीवर एक यंत्र बसवलं आहे. काच द्रावणात बुडवायची आणि मुंगीच्या चालीने वर ओढायची. ओढताना वारा लागला तर थर बिघडतो. म्हणून कूलर बंद, पंखा बंद. बाहेर सूर्य आग ओकतो आहे, आत आम्ही आठ माणसं घामाने निथळत पन्हं पितो आहोत आणि मागून आवाज येतो, "दार जोरात नका लावू वं!" ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, पदराने वारा घेऊ लागल्या तर तोही त्यांनी थांबवला. मी म्हणालो, "भाऊजी, श्वास घेऊ का?" तर म्हणाले, "घे, पण तिकडे तोंड करून घे."

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर कहर झाला. मुलाकडची मंडळी स्थिरस्थावर होताहेत, मी आहेराच्या गडबडीत, आणि यांनी हॉलचे दिवे बंद केले. पन्नास माणसं अंधारात. मग जांभळ्या उजेडाची बॅटरी पेटवली आणि खिशातून काचेच्या चार कुप्या काढल्या. एक लाल पेटली, एक केशरी, एक हिरवी, एक निळी. "चारही कुप्यांत वस्तू एकच आहे," ते मुलाच्या वडिलांना सांगू लागले. "कण मोठा ठेवला का लाल उजेड देतो, बारीक केला का निळा. निव्वळ आकाराचा खेळ!" मी दिवे लावत म्हणालो, "आमच्याकडे काच बारीक झाली का भंगारात जाते, भाऊजी." सगळे हसले. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणून तर तू अजून दुकानातच बसून राहिला." पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी जरा जास्तच.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण हिंगण्याच्या ऑर्डरचं मी विसरणार नाही. एका कंपनीच्या नव्या इमारतीचं सगळं दर्शनी अंग निळसर चमकणाऱ्या काचेने मढवायचं होतं. बिल्डरला मी तीन आठवडे घोळवत आणला होता. तो हो म्हणायच्या बेतात खुर्चीवर पुढे सरकला, तेवढ्यात कोपऱ्यात तुकडे निवडत बसलेले साडभाऊ बोलले, "ही निळाई काचेत नाही हो. वरच्या थरात आहे. दोन लॉटमध्ये थर जरा जाड-बारीक झाला तर इमारत ठिगळं लावल्यासारखी दिसन. एकाच लॉटचा माल आहे का, विचारा याले." बिल्डरने विचारलं. माल दोन लॉटचा होता. बिल्डर मागे सरकला, उठला आणि गेला. मी साडभाऊंना म्हणालो, "तुम्हाले कोणी विचारलं होतं काय?" ते म्हणाले, "नाही. पण खरं होतं ना?" त्या बिल्डरने पुढे दुसऱ्याकडून काच घेतली आणि त्या इमारतीवर आज खरोखरच ठिगळं दिसतात. ती माझ्या दुकानाचं नाव घेऊन दिसली नाहीत, हे माझी बायको मला अधूनमधून ऐकवते. त्याने माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो.

म्हणून या मार्चमध्ये ते दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांत जेव्हा म्हणाले, "तुझी काच खराब झाली गा," तेव्हा माझं डोकंच फिरलं. मे अखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यानंतर कॉलेजातल्या प्रयोगशाळेची किल्ली जमा. त्याआधी त्यांना चाळीस नमुने मोजमापासाठी बाहेरगावी पाठवायचे होते. मोजायला तिथे यंत्र होतं, पण पाठवायचे कोणते ते आधी डोळ्यांनी निवडावं लागतं. थर बरोबर जाडीचा बसला की काच निळी दिसते. आणि दोन महिन्यांत यांची एकही काच निळी निघाली नव्हती. "सगळ्या मळकट हिरव्या येऊन राहिल्या. माझा हात तर तोच आहे. मग काच नाही तर काय?"

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून प्रयोगशाळेत घेऊन गेलो. आज निकालच लावायचा होता. तिथे नाकारलेल्या काचांची पेटी भरली होती. मी एक उचलून खिडकीशी धरली. निळी. दुसरी धरली, निळी. तिसरी, चौथी, सगळ्या मोरपंखी निळ्या, एकाला एक लावून विकाव्यात अशा.

"काय खराबी आहे यात? मस्त निळ्या तर आहेत!"

"कुठे निळ्या? मले तर मळकटच दिसून राहिल्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसासमोर मी बरोबर होतो आणि साक्षीला पेटीभर काचा होत्या. पण मी हातातली काच नुसती त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तीच काच पुन्हा धरून पाहिली. मग हळूच म्हणाले, "तुझ्या ताईले नको सांगू."

मी अर्थातच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूने नजर पिवळट होत जाते आणि निळा रंग सगळ्यात आधी मरतो. ऑपरेशन लगेच करा म्हटलं तर हे म्हणाले, जूनमध्ये. त्यात मधले दिवस वाया जातील, काही कमीजास्त झालं तर चाळीस नमुने राहूनच जातील. ताई रडल्या, मी भांडलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी म्हणालो, "मग रंग कोण सांगणार?"

"तू."

तेव्हापासून दोन महिने, रोज दुपारी दुकान बायकोच्या हवाली करून मी प्रयोगशाळेच्या भट्टीत जाऊन बसलो; काच बुडवायचं तसंच यंत्र तिथेही होतं. कूलर बंद. पेटीतल्या नाकारलेल्या काचांच्या नोंदी त्यांनी ठेवल्याच नव्हत्या, म्हणून सगळं नव्याने. ते काच बुडवायचे, वर ओढायचे, भाजून काढायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "कोणता?" मी खिडकीशी धरून सांगायचो, "निळा." ते वहीत लिहायचे, निळा. मी म्हणायचो, "जरा जांभळ्याकडे झुकते." ते लिहायचे, जरा जांभळ्याकडे. उलटून विचारायचं नाही, शंका नाही. माझ्या धंद्यात मी 'एक' म्हटलं की समोरचा 'अर्धा'वरून सुरुवात करतो. तीस वर्षांत माझा शब्द कुणी जसाच्या तसा उतरवून घेतला नव्हता. एकेक काच मी दहा दहा वेळा उजेडात धरायचो. चुकलो तर या माणसाचं शेवटचं काम चुकणार होतं. मग निवडलेली काच मी हिऱ्याने मधोमध कापायचो, अर्धी पाठवायला, अर्धी ठेवायला. चाळीसावी कापली तेव्हा मे संपायला दोन दिवस होते.

जूनमध्ये दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी ताईंकडे पाहिलं आणि मग मला म्हणाले, "वही आण." ठेवलेले चाळीस अर्धे तुकडे खिडकीत मांडून एकेक उचलत, वहीशी ताडून पाहत बसले. गिऱ्हाईक बिलाची बेरीज तपासतं तेव्हा मी खुशाल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, त्या दिवशी वहीवरच्या त्यांच्या बोटावरून नजर हलवली नाही. शेवटी वही मिटून म्हणाले, "सदतीस बरोबर."

"आणि तीन?"

"तीन जांभळ्या आहेत. तू निळ्या सांगितल्या."

"निळ्याच आहेत! असं तिरपं धरा."

"तिरपं धरल्यावर रंग बदलतोच गा. सरळ धरून सांग."

ते भांडण अजून चालू आहे. निवृत्त माणसाला काम काय? दर दोन-तीन दिवसांनी ते त्या तीन काचा रुमालात गुंडाळून दुकानात येतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात, मी माझ्या बाजूने धरतो, ते त्यांच्या बाजूने, आणि गिऱ्हाइकं खोळंबतात. खरं म्हणजे बाहेरगावाहून मोजमापाचा कागद आला आहे. त्या तीन थरांची जाडी किती, कोण बरोबर आणि कोण चूक, ते त्यात छापलेलं असणार. ताई सांगत होत्या, पाकीट फोडून, वाचून, घडी घालून त्यांनी कपाटात ठेवलंय. खऱ्यासाठी माझी ऑर्डर घालवणारा हा माणूस; पण तो कागद त्यांनी मला अजून दाखवलेला नाही. मीही मागितलेला नाही.