चढाचे गुणोत्तर

चिखल्याच्या खाणीजवळच्या शाळेचा चढ चढण्यासाठी मी मोटरसायकलला मागे तीन दात अधिक असलेले स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, बसवले. मागचे दात वाढले की ओढ वाढते आणि वेग घटतो, हे फळ्यावर मांडून वर्गाकडून पाठही करून घेतले. चेनला रोज तेल देत असे. ती पुसणे मात्र माझ्या शास्त्रशुद्ध पद्धतीत बसत नव्हते.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी प्रश्नपत्रिका घेऊन निघालो, तर चढाच्या पायथ्याशीच चेन झिजलेल्या दातांवरून घसरू लागली. तिथल्या मेकॅनिकने बोटावर काळा लगदा काढून दाखवला.

"गुरुजी, तेलात खाणीची धूळ! चेनले तेल देऊन राहिले का मसाला वाटून राहिले?"

घंटा वाजता वाजता मी गाडी ढकलत फाटकाशी पोचलो. ताटकळलेला वर्ग एका सुरात म्हणाला, "गुरुजी, ओढ वाढली, वेग घटला!"