विहीणबाई आणि रोमनांची भिंत

माझ्या विहीणबाईंना गप्प बसवू शकेल अशी व्यवस्था अजून कुठल्याही देशाला उभी करता आलेली नाही. जर्मनीने तरी प्रयत्न करून पाहिला. तिथे रविवारी कपड्यांचं मशीन लावायचं नाही, दुपारी आवाज करायचा नाही, आणि बसमध्ये तर माणसं अशी बसलेली असतात, की सगळी मिळून कुणाच्या तरी समाचाराला निघाली आहेत असं वाटावं. पण एर्लांगेनला येऊन आठवडा व्हायच्या आत विहीणबाई खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या गुडघ्याची साद्यंत कहाणी आम्हाला सांगत होत्या. त्या बाईंना जर्मनखेरीज काही येत नव्हतं आणि विहीणबाई मराठीखेरीज काही बोलत नव्हत्या. हे कसं जमलं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "अहो ताई, भाषा लागते ती खोटं बोलायला. गुडघा दुखतोय हे चेहऱ्यावर दिसतंच की."

त्यांनी साताऱ्याला मुलींच्या शाळेत आयुष्यभर खेळ शिकवले. त्यामुळे आवाज मैदानाच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचेल अशाच बेताने निघतो, मग समोरचा माणूस हातभर अंतरावर का असेना. माझी गोष्ट उलटी. मी नाशिकला बँकेत काउंटरच्या मागे नोकरी केली. हळू बोलायची आणि समोरच्याने दोनदा विचारल्याशिवाय उत्तर न द्यायची सवय लागली ती कायमची. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा यांनी लग्न ठरवलं, तेव्हा सहा वर्षांपूर्वी आम्ही एकमेकींच्या पदरात पडलो. सण, बारशी आणि व्हिडिओ कॉल यापलीकडे संबंध नव्हता. त्या उन्हाळ्यात मुलांनी आम्हा दोघींना एकदमच बोलावून घेतलं. का, ते सांगितलं नाही. आमचे हे विमानात बसायला तयार नसतात, विहीणबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणून आम्ही दोघीच गेलो.

एका सकाळी नाश्त्याला मुलीने जाहीर केलं, की तुमच्यासाठी तीन दिवसांची पायी सहल बुक केली आहे. रोमन लोकांची जुनी सरहद्द, तिला लीमेस म्हणतात. तिच्या कडेकडेने चालायचं, बरोबर माहितगार वाटाड्या, सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार. जावईबापू भिंत, बुरूज, चौक्या असं काहीबाही समजावून सांगू लागले, पण त्यांचं वाक्य संपायच्या आत विहीणबाई "जाऊ" म्हणून बूट शोधायला उठल्यासुद्धा. पाचवारी साडी, त्यावर मुलाचं गुडघ्यापर्यंत येणारं पावसाळी जाकीट आणि पायात खेळाच्या तासाचे पांढरे बूट, अशा थाटात त्या प्रादेशिक रेल्वेने गुन्झेनहाउझेनला उतरल्या.

वाटाड्या हा उंच, बारीक, निवृत्त गृहस्थ. प्रत्येक थांब्यावर तो आमच्या जथ्यातली डोकी मोजी आणि दरवेळी चुके. कारण तो मोजत असताना विहीणबाई जागा बदलत. दुसऱ्यांदा मोजायला लागल्यावर त्यांनी ओळखलं, "हा मास्तर आहे." होताच तो, इतिहास शिकवायचा. मग मास्तराला मास्तराने मदत करायला नको का? त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि जर्मनीतल्या त्या पेन्शनर स्त्री-पुरुषांना उंचीप्रमाणे एका रांगेत उभं केलं. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, सहलीच्या कार्यक्रमात हे असणारच, अशी त्यांची समजूत झाली. वाटाड्याची मोजणी पहिल्यांदाच बरोबर आली. त्यानंतर तो प्रत्येक थांब्यावर विहीणबाईंकडे आशेने बघू लागला.

तो सावकाश इंग्रजी बोले, मी त्याचं मराठी करी. पण त्याच्या बोलण्यात 'जा, जा' असं सारखं येई. जर्मनमध्ये त्याचा अर्थ होय. हे मी सांगेपर्यंत विहीणबाई "जा म्हणतोय तो" असं म्हणून चालू लागलेल्या असत आणि निम्मा जथा त्यांच्यामागे. 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, हा शब्द मात्र त्यांना फार आवडला. वाटाड्याने दहा मिनिटं रोमन सैन्याची रचना सांगितली, की त्या शेवटी मान हलवून "गेनाऊ" म्हणत. जणू त्याचा पेपर तपासून होत आला होता.

आता खरी अडचण म्हणजे ती भिंत. जंगलात एका ठिकाणी वाटाड्या थांबला, टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाला, की हीच ती. आम्ही सगळीकडे पाहिलं. झाडं होती, पाचोळा होता, मध्ये शेताच्या बांधाएवढा एक लांबलचक उंचवटा होता. विहीणबाईंनी विचारलं, "कुठाय?" त्यांच्या पायाखाली आहे, असं मी सांगितल्यावर त्या चटकन खाली उतरल्या, वाकून हात लावला आणि कपाळाला नेला. गावकरी तिला सैतानाची भिंत म्हणायचे, असं कळल्यावर त्यांना राग आला. "दगड वाहिले माणसांनी आणि नाव सैतानाचं?" हे भाषांतर करून सांगा, असा आग्रह धरला. मी केलं. वाटाड्याने बुटाने पाचोळा बाजूला सारला आणि तो म्हणाला, "गेनाऊ."

मग त्यांच्या शंकांना जो ऊत आला, तो दोन दिवस उतरला नाही. बुरुजाच्या पायाचे चौकोनी दगड पाहिले, की त्यांना तिथे राहणाऱ्या चार-पाच शिपायांची काळजी. एवढ्याशा जागेत भांडण झालं तर जायचे कुठे? जेवण कोण करायचं? इकडची मुलगी भिंतीपलीकडे देत होते का? वाटाड्या म्हणाला, लग्नं होत असणार, पण त्यांच्यात भांडणं झाल्याची कुठे नोंद नाही. "भांडणं कोण लिहून ठेवतं?" विहीणबाई म्हणाल्या. आमच्यात काठ्या टेकत चालणारे एक अबोल गृहस्थ होते. त्यांना हे मी सांगितलं, तर ते इतके हसले, की बाकावर बसून त्यांना चष्मा पुसावा लागला. वाटेत एका शेतात एक बाई लाल बोरांसारखी फळं तोडत होती. विहीणबाईंना दुसऱ्याचं काम नुसतं बघवत नाही. त्या कुंपण ओलांडून आत गेल्या आणि तोडू लागल्या. बाई आधी दचकली, मग तिने दुसरी टोपली आणून दिली. आमचा जथा वेळापत्रकाच्या बाहेर गेला आणि जर्मन लोक असूनही कुणी घड्याळ पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई गप्प झाल्या.

वाइसेनबुर्ग जवळ आलं होतं. उन्हं छान होती, रस्ता उताराचा होता, आणि त्या सगळ्यांच्या मागे, खाली पाहत चालत होत्या. जेवणाच्या थांब्यावर वाटाड्याने मोजलं तर एक माणूस कमी. मी मागे गेले. एका बुरुजाच्या पायावर त्या बसल्या होत्या, पदराने वारा घेत. मी शेजारी बसले. पाय दुखतात का, असं विचारलं.

"ताई, आपल्या पोरांचं मोडतंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलंय ना?"

मला कळलं होतं. दोघं एकमेकांशी फार नम्रपणे बोलत होती, थँक यू म्हणत होती. दोघं ऑफिसहून वेगवेगळ्या बसने येत होती. मी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं. माझ्या तोंडून निघालं ते मात्र भलतंच. मी म्हटलं, माझ्या मुलीने काही कमी केलेलं नाही.

विहीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मीही तेच म्हणणार होते, माझ्या मुलाबद्दल. खरं सांगू? घरात भांडता येत नाही, खालच्या बाईंना ऐकू जातं. म्हणून मी लगेच सहलीला हो म्हटलं. तुमच्याशी काय काय भांडायचं ते सगळं पाठ करून आले होते. आणि इथे तुम्ही माझ्यासाठी दिवसभर त्या मास्तराचं बोलणं मराठीत सांगताय, घसा बसेपर्यंत. आता आठवायला गेले तर निम्मं आठवतच नाही." मग म्हणाल्या, "त्यांना आपल्याला सांगायचं असणार, म्हणूनच दोघींना बोलावलं. धीर झाला नाही म्हणून चालायला पाठवलं. त्यांचं काय व्हायचं ते होईल. तुम्ही मला फोन करायचं थांबवू नका. एवढंच."

मी हो म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच हळू निघाला असणार, कारण त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

एर्लांगेनला घरात शिरल्यावर त्यांनी बूट काढले, खुर्ची ओढली आणि मुलांना म्हणाल्या, "सांगायचं ते आता सांगून टाका. आमचं चालून झालंय." जावईबापू रडले. माझी मुलगी रडली नाही, पण तिने नवऱ्यासमोर टिशूचा डबा सरकवला. विहीणबाईंनी चहा टाकला. पुढच्या वर्षी दोघं वेगळी झाली. तो म्युनिकला गेला, ती तिथेच राहिली. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. आम्हा दोघींना समजेल असं कारणसुद्धा नाही.

आमचे फोन चालू आहेत. आता त्यांना विहीणबाई म्हणायचं की काय, हा प्रश्न मला अजून पडतो. त्यांना तो पडलेला दिसत नाही.

गेल्या दिवाळीत मुलगी नाशिकला आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, कारण मलाही माहीत नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली, तिने दार उघडलं, तर साताऱ्याहून एसटीने निघालेल्या विहीणबाई दारात. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबले. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. शेवटी मुलीने वाकून त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि सवयीने बोलून गेली, "आई, केवढी जड आहे ही."

'आई' म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं. ती तशीच पिशवी धरून राहिली.

"कंदी पेढे आहेत," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "मुंग्या लागतील. आधी आत ठेव."