वहिनीचं इंग्रजी आणि खाणीतला बार

माझा दादा वाघोलीच्या दगडखाणीत सुरुंग उडवायच्या कामावर होता. खाणीत सुरुंगाला बार म्हणत. दुपारी माणसं लांब गेली की शिट्टी वाजायची, लाल झेंडा वर जायचा आणि बार उडायचे. घरात मांडणीवरची भांडी किणकिणायची. आई लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून उभी राहायची.

वहिनी लग्न होऊन आली ती स्वारगेटच्या बाजूची. तिच्या वडिलांचं तिथे सायकलींचं दुकान होतं. पहिल्याच दुपारी बार उडाला तशी ती ताटावरून उठून अंगणात पळाली.

"बस खाली, रोजचंच हाय," आई म्हणाली.

वहिनी परत येऊन बसली. ताटात छपराची माती पडलेली. ती बघून गंभीरपणे म्हणाली, "रोज असेल तर कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालायला नको. हेच पुरेल."

आई हसली नाही. मी मात्र त्या क्षणी वहिनीची झाले.

मी तेव्हा शहरात कॉलेजला जायची. संध्याकाळी बसमधून उतरले की वहिनी दारातच विचारायची, "आज स्वारगेटला काय होतं?" काय असणार? गर्दी, उसाचा रस, कंडक्टरशी कुणाचं तरी भांडण. पण तिला ते सगळं हवं असायचं. कोणत्या गाडीला गर्दी होती, रसवाल्याने आलं घातलं होतं का. मी काही विसरले तर म्हणायची, "वन्सं, तुम्ही डोळे घरी ठेवून जाता का हो?" एकदा मी सांगता सांगता थांबले, तर ती तिकडे रस्त्याकडेच बघत होती. डोळे भरलेले.

मॅट्रिकला तिचं इंग्रजी राहिलं होतं. बाहेरून परीक्षा द्यायची तिने मनात घेतली आणि शिकवणी माझ्याकडे आली. निबंधाच्या पुस्तकात लोकसंख्येवर निबंध होता. त्यात शब्द आला, एक्स्प्लोजन.

"म्हणजे स्फोट," मी सांगितलं.

"म्हणजे ह्यांचा बार."

"हो, पण नुसता बार नाही. लोकसंख्येचाही होतो."

"तो कुठे उडतो?"

"तसं नाही गं. एकदम, आवरणार नाही इतकं वाढणं. माणूस रागाने भडकला तरी एक्स्प्लोड झाला म्हणतात."

वहिनीने चुलीकडे बघून आवाज खाली आणला. "मग आधीच असं सांगा ना. बंबातलं पाणी गार झालं की आईंचं होतं ते."

त्याच पानावर बर्स्ट होता, म्हणजे फुटणं. इंग्रज माणूस एकदम रडायला लागला तरी तोच शब्द आणि हसायला लागला तरी तोच, हे ऐकून ती हरखलीच. "अहो, मग आपल्यासारखंच की! आपल्यालाही रडू फुटतं, हसू फुटतं." मग भाकऱ्या करता करता तिला एकेक आठवत गेलं. घाम फुटतो, पालवी फुटते, मुक्याला वाचा फुटते. "माणसं बरी दिसतात ही," ती म्हणाली. बाजेवर पडलेला दादा म्हणाला, "आता पास होतीय ही." त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

ते थंडीचे दिवस होते. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी घरीच होते. दुपारचे बार नेहमीसारखे उडाले. भांडी थांबली, आईने बरणीवरचा हात काढला. आणि बऱ्याच वेळाने आणखी एक बार झाला, एकटाच.

"आं? ह्यो कशाचा?" आई म्हणाली.

वहिनीच्या मांडीवर पुस्तक होतं. ते खाली पडलं आणि ती अनवाणीच धावत सुटली. तिच्या मागे मी.

एक बार उडायचा राहिला होता. दादा बराच वेळ थांबला, मग बघायला निघाला. तो वाटेतल्या मोठ्या दगडाच्या आडोशाला असतानाच बार उडाला, म्हणून जिवावरचं टळलं. आम्ही पोचलो तेव्हा तो त्या दगडाला टेकून बसला होता. अंगभर पांढरी धूळ आणि दोन्ही कानांतून रक्त. भोवती माणसं जमून ओरडत होती, आणि तो सगळ्यांकडे बघत मोठ्याने विचारत होता, "कुनी बोलंना का? आरं, कुनी बोला की!"

वहिनी त्याच्या पुढ्यात बसली. "अहो, मी आहे. अहो." तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

कान गेले ते गेलेच. शहरातल्या डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. खाणीचं काम सुटलं, दादा आमच्या वावरात राबू लागला. उन्हाळ्याच्या तोंडावर वहिनीने परीक्षा दिली आणि पास झाली. गावच्या बालवाडीत तिला काम मिळालं, पुढे शाळेत.

रोज संध्याकाळी ती दादाला अंगणात उजेडाकडे बसवायची आणि आवाज न करता बोलायची. त्याने ओठ ओळखायचे. सुरुवातीला "मीठ" म्हटलं की तो "पीठ" आणायचा. भांडण झालं की डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे संपलंच. वहिनी समोरून हलायची नाही. कधी तरी उघडालच, अशा चेहऱ्याने बसून राहायची. तो एक डोळा किलकिला करायचा आणि दोघांनाही हसू फुटायचं.

आता खाणी बंद होऊन इमारती उभ्या राहिल्यात. दादाची लेक खराडीला नोकरी करते. परवा घरात शिरताच म्हणाली, "आत्या, मीटिंगांनी डोकं एक्स्प्लोड होतंय." मला इतकं हसू आलं! वहिनीला सांगायला म्हणून मी वळलेसुद्धा. वहिनी जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी दादा माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "एक इचारू का? म्हातारपणी तिचा आवाज कसा झाल्ता गं?"

माझ्या हे कधी मनातही आलं नव्हतं. त्याच्याजवळ फक्त तिशीच्या आतल्या वहिनीचा आवाज होता. पुढचा सगळा आमच्याजवळ.

मी त्याच्यासमोर सरकून बसले, उजेड तोंडावर येईल अशी. सावकाश सांगितलं, "थोडा घोगरा झाला होता. पोरांना शिकवून शिकवून. पण तुझ्याशी बोलायला लागली की नकळत आवाजही निघायचा तिचा. तो अगदी मऊ असायचा."

"निघायचा?"

"रोज."

त्याने मान हलवली. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पुन्हा माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "आजून सांग."